'हिमालय' (१९९९) : तिन्लेचं बरोबर की कर्माचं?

वाटसरू_सातारा

बरेच दिवस यादीत पडून असलेला एरिक व्हॅलीचा 'हिमालय' अखेर पाहिला. काही देशांत तो 'कॅरव्हान' या नावानं लागला होता. भाषा तिबेटी, दिग्दर्शक फ्रेंच, चित्रीकरण नेपाळच्या डोल्पोत. परभाषा विभागात ऑस्करचं नामांकन मिळालेला नेपाळचा हा पहिला सिनेमा. त्या वर्षी पुतळा स्पेनच्या आल्मोदोवारच्या सिनेमाला गेला, तो भाग वेगळा.

(रसभंग सूचना. पाहायचा असेल त्यांनी इथेच थांबा.)

डोल्पोतल्या एका गावाचा म्हातारा मुखिया तिन्ले. याकांचा तांडा घेऊन गेलेला त्याचा थोरला मुलगा परत येतो तो मृतदेह होऊन. सोबत असलेला तरुण कर्मा सांगतो, अपघात झाला. तिन्ले ते मानत नाही, कारण त्याच्या मनात दोन घराण्यांचं जुनं वैर आहे. हिवाळ्याआधी मीठ खाली नेऊन धान्य आणायचं, तर तांडा कुणीतरी न्यायला हवा. लामा ठरलेला दिवस सांगतात. कर्मा म्हणतो हवा चांगली आहे, वाट कशाची पाहायची, आणि तरुणांना घेऊन आधीच निघतो. म्हातारा हट्टाला पेटतो. गावातले बाकीचे म्हातारे, मठात चित्रं काढणारा धाकटा मुलगा नोर्बू, विधवा सून पेमा आणि छोटा नातू यांना घेऊन मुहूर्तावरच निघतो आणि कर्माला गाठायला तळ्याकाठची धोक्याची वाट धरतो.

आमच्या घरी दोन तट पडलेत. बायको म्हणते तिन्ले आडमुठा आहे, निव्वळ अहंकारापोटी लहान मुलाचा जीव धोक्यात घातला. मी म्हणतो म्हाताऱ्याला डोंगर कळत होता. तुमचं मत काय?

साधी_राधा

वहिनींना पूर्ण अनुमोदन. मुलगा गेला त्याचं दुःख समजू शकते, पण पुराव्याशिवाय एका माणसाला खुनी ठरवायचं आणि वर सगळ्या गावाला त्यात ओढायचं? गाव फुटलं ते तिन्लेमुळे.

खडूस_काका

मुहूर्त पाहून निघणारा म्हातारा आणि 'हवा बरी आहे, चला' म्हणणारा पोरगा. यासाठी फ्रान्सहून कॅमेरे घेऊन डोल्पोला कशाला जायचं? आमच्या घरी या, गावी जायच्या आदल्या रात्री. हलकेच घ्या.

पॉपकॉर्न_पाटील

खुर्ची धरून बसलोय. धाग्याचं काश्मीर व्हायला, म्हणजे न संपणारं भांडण पेटायला, किती प्रतिसाद लागतात ते मोजतो.

भटकी_जमात

लोअर डोल्पोचा ट्रेक केलेला असल्यामुळे राहवत नाही. नेपाळगंजहून छोट्या विमानानं जुफाल, तिथून दुनैला उतरायचं, मग नदीच्या कडेकडेनं वर रिंगमो आणि फोक्सुंडो तळं. तळं साधारण ३,६०० मीटरवर आहे. निळा रंग फोटोत खोटा वाटतो म्हणून लोक फोटो सुधारत बसतात, खरं तर काही करावं लागत नाही.

मुद्दा असा, की सिनेमातली ती तळ्याकाठची वाट सेट नाही. पश्चिम काठानं सरळ कड्यात खोदून, कुठे लाकडं ठोकून, वर सपाट दगड टाकून केलेली पायवाट आहे. खाली थेट पाणी. मोकळ्या हातानं चालताना माझी भंबेरी उडाली होती. त्या वाटेवरून अंगावर मिठाच्या पिशव्या लादलेली जनावरं नेणं म्हणजे काय, हे तिथं गेल्यावर कळतं. याकची पाठ रुंद, त्यात दोन्ही बाजूंना ओझं. कड्याच्या बाजूची पिशवी खडकाला घासली की जनावर बाहेरच्या बाजूला ढकललं जातं. सिनेमात वाट ढासळते आणि ते लोक हातानं दगड रचून ती पुन्हा उभी करतात, तो प्रसंग मला सगळ्यात खरा वाटला.

त्यामुळे माझं मत: तिन्लेला डोंगर कळत होता हे मान्य, पण ती वाट त्यानं डोंगर कळत होता म्हणून निवडली नाही. कर्माच्या पुढे जायचं म्हणून निवडली.

वाटसरू_सातारा

भटकी_जमात, शेवटचं वाक्य बायकोला वाचून दाखवणार नाही.

मृण्मयी_के

ट्रेकचा वेगळा धागा काढा ना कृपया, फोटोंसकट.

मला सिनेमा अर्धवट आवडला. कॅमेरा अप्रतिम आहे, संगीतही. दोन्हींना फ्रान्सचे सेझार पुरस्कार मिळाले ते योग्यच. ब्रुनो कुलेचं संगीत तर मी वेगळं ऐकत असते. पण पाहताना सारखं वाटत होतं, की हे सगळं बाहेरच्या माणसाला जसं दिसावंसं वाटतं तसं मांडलंय. प्रत्येक चेहरा सुरकुत्यांसकट सुंदर, प्रत्येक चौकट मासिकाच्या मुखपृष्ठासारखी. कंटाळवाणी, कुरूप, निरर्थक अशी एकही गोष्ट त्या गावात नाही? भांडी घासायचा कंटाळा कुणालाच येत नाही?

व्हॅली मुळात छायाचित्रकार. नेपाळमध्ये कड्यांवरून मध काढणाऱ्यांची त्याची छायाचित्रं जगभर गाजली आहेत. ती नजर इथेही आहे.

शिंत्रे_सर

मृण्मयी, थोडा वेगळा विचार करून पाहा. हा दिग्दर्शक विमानातून उतरून पंधरा दिवसांत चित्रीकरण उरकून गेलेला नाही. नेपाळात तो वर्षानुवर्षं राहिला, डोल्पोत आधीपासून जात होता. तिन्लेची भूमिका करणारा थिन्लेन ल्होंडुप हा तिथलाच माणूस, त्याआधी कॅमेऱ्यापुढे कधी न आलेला. तो ज्या पद्धतीनं याकला शीळ घालतो, ओझ्याची दोरी आवळतो, ते कोणत्याही नाट्यशाळेत शिकवता येणार नाही. पेमा झालेली ल्हाक्पा त्सामचो तेवढी आधी पडद्यावर आलेली, 'सेव्हन इयर्स इन तिबेट'मध्ये ती होती.

नोर्बू हे पात्रही हवेतून आलेलं नाही. डोल्पोत थांका, म्हणजे कापडावरची बौद्ध धार्मिक चित्रं, रंगवणाऱ्यांची घराणी आहेत आणि तेन्झिंग नोर्बू या तिथल्या चित्रकाराचा या सिनेमाशी जवळचा संबंध आहे.

आता मूळ प्रश्न. कोण बरोबर, यापेक्षा दिग्दर्शक कुणाच्या बाजूनं आहे ते पाहा. घाटाजवळ तिन्ले मूठभर मीठ आगीत टाकतो, त्यावरून वादळ येणार म्हणतो, आकाश निरभ्र असताना निघायला सांगतो. कर्मा हसतो. आणि वादळ येतं. पटकथेनं म्हाताऱ्याला हा विजय फुकटात दिला आहे. वादळ आलं नसतं तर? तर तिन्ले एक विक्षिप्त म्हातारा ठरला असता आणि आपण हा धागा वेगळ्या शीर्षकानं वाचत असतो.

खडूस_काका

सर, वादळ आलं नसतं तर सिनेमा चाळीस मिनिटांत संपला असता. निर्मात्याचाही विचार करा.

रसायनी

मिठाच्या प्रसंगावर कुणीतरी बोलेल म्हणून थांबले होते.

मीठ आगीत तडतडतं, कारण स्फटिक तयार होताना त्यात खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म थेंब अडकलेले असतात. तापवल्यावर त्या पाण्याची वाफ होते आणि स्फटिक फुटतो. आपल्याकडे दृष्ट काढताना मीठ-मोहरी निखाऱ्यावर टाकल्यावर जो आवाज येतो आणि आजी 'बघ केवढी लागली होती' म्हणते, तोच हा प्रकार. तिबेटी पठारावरचं मीठ खाऱ्या तळ्यांच्या काठावरून गोळा केलेलं, जाडंभरडं, न शुद्ध केलेलं. ते पुड्यातल्या बारीक मिठापेक्षा जास्त तडतडेल.

पण यावरून वादळ कळेल का? हवेत दमटपणा वाढला की मीठ बाहेरून ओलसर होतं आणि आगीत वेगळं वागतं, एवढं म्हणता येईल. त्यापुढे मी जाणार नाही. माझा अंदाज असा, की तिन्लेला वारा, ढगांच्या कडा, जनावरांची चुळबुळ यावरून जे आधीच कळलं होतं, ते चारचौघांत सांगायला मीठ उपयोगी पडलं. 'मला वाटतं' म्हटलं की वाद होतो. मीठ बोललं की कोण वाद घालणार?

साधी_राधा

रसायनी, प्रतिसाद फार आवडला. आमच्या ऑफिसात त्या मिठाला 'डेटा' म्हणतात.

पॉपकॉर्न_पाटील

वरच्या दोन्ही प्रतिसादांना +१००. काश्मीर लांबणीवर.

नवेगावकर

नमस्कार मंडळी. मी गोंदिया जिल्ह्यातला. आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात प्रतापगडाजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे, नोर्ग्येलिंग. १९७२ पासून. आधी भंडारा जिल्हा होता, म्हणून अजून लोक भंडाऱ्याचीच वसाहत म्हणतात. आपल्या झाडीपट्टीत धान लावतात बाप्पा ते लोक, आणि हिवाळा आला की स्वेटर विकायला गावोगाव जातात. नागपूर-पुण्यात तुम्ही ज्यांच्याकडून स्वेटर घेता त्यांच्यातले काही आमचे शेजारी.

तिथल्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या बाईंना हा पिक्चर मोबाईलवर दाखवला होता. सगळं बोलणं त्यांना समजलं नाही, डोल्पोची बोली वेगळी पडते म्हणाल्या. बर्फ, डोंगर, वादळ, कशाचंच कौतुक नाही. पण सातूचं शेत आल्याबरोबर सरसावून बसल्या. त्सांपा, म्हणजे भाजलेल्या सातूचं पीठ, कसा करायचा ते मला समजावून सांगायला लागल्या: सातू गरम वाळूत भाजायचा, चाळून वाळू काढायची, मग पाणचक्कीवर दळायचा. तिन्ले बरोबर का कर्मा, हे विचारलं. म्हणाल्या, दोघांपैकी कुणालाच सून काय म्हणते ते विचारायचं सुचलं नाही.

मृण्मयी_के

नवेगावकर, आजींना साष्टांग नमस्कार सांगा!

वाटसरू_सातारा

पेमाचा मुद्दा आमच्या दोघांच्याही भांडणात आला नव्हता. खरंच की. नवरा गेलेला, सासऱ्याला ती घरात हवी, कर्माला ती आवडते, आणि मुलाला पुढचा मुखिया करायचं हे आजोबांनी परस्पर ठरवलेलं.

लमाण_तांडा

इतका वेळ सगळे तिन्ले-कर्मा करताहेत, मिठाच्या धंद्याबद्दल कुणी बोललंच नाही. माझे पणजोबा तांड्यातले. आमच्या लोकांनी बैलांच्या पाठीवर गोणी लादून कोकणचं मीठ घाटावर आणि तिथलं धान्य खाली, असा व्यापार पिढ्यानपिढ्या केला. इंग्रजांच्या मीठ-कायद्यांनी आणि नंतर आगगाडीनं तो संपवला. त्यामुळे हा सिनेमा मी दुसऱ्या डोळ्यांनी पाहिला.

डोल्पोचं गणित साधं आहे. चार हजार मीटरच्या आसपासची गावं, वर्षाला एकच पीक, सातूचं. ते वर्षभर पुरत नाही. उन्हाळ्यात याक घेऊन उत्तरेला तिबेटात जायचं, धान्य देऊन मीठ घ्यायचं. शेतं कापून झाली की तेच मीठ दक्षिणेच्या खोऱ्यांत नेऊन मका, कोदो (नाचणी) असं धान्य आणायचं. दोन्ही टोकांना थोडा थोडा नफा. त्या फरकावर अख्खं गाव जगायचं.

आता यात दोन पाचरी बसल्या. १९५९ नंतर तिबेटात चीनचा अंमल घट्ट झाला, सीमेवर बंधनं आली. डोल्पोचे लोक हिवाळ्यात जनावरं तिकडच्या कुरणांत ठेवायचे, ती कुरणं हातची गेली. त्याच वेळी तिकडून निर्वासित आपली खिल्लारं घेऊन अलीकडे आले, म्हणजे चारा कमी आणि तोंडं जास्त. दुसरी पाचर दक्षिणेकडून. नेपाळमध्ये १९६३ साली साल्ट ट्रेडिंग कॉर्पोरेशन निघालं आणि भारतातून आलेलं मीठ डोंगराळ भागात पोचू लागलं, पुढे आयोडीनयुक्त. तळ्याच्या मिठात आयोडीन नाही, डोंगरात गलगंड घरोघरी. म्हणजे ते मीठ आणणं चांगलंच होतं. पण खोऱ्यातल्या शेतकऱ्याला बाजारात स्वस्त मीठ मिळायला लागल्यावर तो याकवरच्या मिठाला पूर्वीइतका मका कशाला देईल?

तिन्ले आणि कर्मा तांडा कुणी न्यायचा यावरून भांडतात, आणि तांड्याखालची जमीनच सरकते आहे. सिनेमात याचा पुसटसा उल्लेख आहे, पण दिग्दर्शकाला तो नको आहे. त्याला बाप-मुलाची गोष्ट हवी आहे. माझी तक्रार ही.

शिंत्रे_सर

धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. तरी एक शंका. अमुक साली आयोडीनयुक्त मीठ आलं, हे दाखवायला लागलो की तो माहितीपट होतो. कथापटाला दोन माणसं लागतात.

लमाण_तांडा

सर, दोन माणसं ठेवा की. खाली पोचल्यावर धान्याच्या मापावरून घासाघीस दाखवा. गेल्या वर्षी एका मापाला इतकं, यंदा त्याच्या निम्मं. एक प्रसंग पुरे होता. जिवावर उदार होऊन आणलेल्या मिठाला काय भाव आला, हे न सांगता सिनेमा संपवणं मला पटत नाही. व्यापाऱ्याच्या घरातला माणूस पहिलं तेच विचारेल.

भटकी_जमात

लमाण_तांडा, हे अगदी खरं. आता तर तिथला पैसा मुख्यतः यार्सागुंबाचा. अळीवर वाढणारी बुरशी. मे-जूनमध्ये शाळा ओस पडतात, लहान मुलांसकट सगळे कुरणांत रांगत असतात, कारण मुलांची नजर तीक्ष्ण. नेपाळ सरकारनं २००१ मध्ये त्यावरची बंदी उठवली. डोल्पा त्यासाठी सगळ्यात प्रसिद्ध जिल्हा. आमच्यासोबतचा वाटाड्या म्हणाला होता, त्याच्या आजोबांनी मीठ वाहिलं, बापानं पर्यटकांचं सामान वाहिलं, तो बुरशी खणतो.

आणि हो, रिंगमोला बोन या तिबेटच्या जुन्या धर्माचा मठ आहे. बोन धर्मात प्रदक्षिणा उलटी घालतात, घड्याळाच्या विरुद्ध. मी सवयीनं डावीकडून निघाले तर एका आजोबांनी हाताला धरून वळवलं.

खडूस_काका

अप्पर डोल्पोच्या परवान्याचा खर्च ऐकून मी सोफ्यावरूनच प्रदक्षिणा घातली. दोन्ही दिशांनी.

क्षितिज_नाशिक

उशिरा आलो. मृण्मयींच्या मुद्द्याला धरून: बाहेरच्या माणसानं काढलेला सिनेमा आणि आतल्या माणसानं काढलेला सिनेमा शेजारी ठेवून पाहायचे असतील तर पेमा त्सेदेनचे पाहा. तो आम्दोचा, म्हणजे ईशान्य तिबेटी प्रदेशातला, तिबेटी भाषेत चीनमध्ये राहून सिनेमे करणारा. २०२३ च्या मे महिन्यात गेला, पन्नाशीतच. 'ओल्ड डॉग'मध्ये एक म्हातारा मेंढपाळ आणि त्याचा कुत्रा आहे. तिबेटी मॅस्टिफ चिनी शहरांतल्या श्रीमंतांना हवे झालेत, म्हणून चोरीला जाताहेत, विकले जाताहेत. 'थार्लो'मध्ये मेंढपाळ ओळखपत्र काढायला गावात येतो. कृष्णधवल, लांब लांब स्थिर दृश्यं. पर्वत आहेत, पण तारांच्या कुंपणामागे. मोटरसायकली, पत्र्याची दुकानं, कराओके. मृण्मयींना हवा तो कंटाळा आणि कुरूपपणा भरपूर मिळेल.

तिथेही म्हातारा विरुद्ध तरुण हे आहेच. पण तिथला तरुण तांडा न्यायला भांडत नाही, कुत्रा विकून टाकतो.

मृण्मयी_के

'थार्लो' पाहिलाय. त्याचं ते पाठ म्हणणं विसरता येत नाही. 'ओल्ड डॉग' शोधते. 'हिमालय'वरचा माझा आक्षेप कायम आहे, पण लमाण_तांडा यांचं वाचल्यावर तो बदलला. सुंदर दिसतो ही अडचण नाही. हिशोब लपवतो, ही आहे.

साधी_राधा

भूतानचा 'लुनाना' कुणीच कसा काढला नाही? वर्गात याक बांधतात तो. २०२२ मध्ये ऑस्करच्या शेवटच्या पाचांत होता. गोड आहे, रडू येतं, घरच्यांबरोबर पाहता येतो.

खडूस_काका

गोड आहे म्हणूनच काढला नाही. इथे भांडण चालू आहे.

रसायनी

तिन्ले-कर्माकडे परत येते, नाहीतर धागाकर्ता रुसेल. परवा पुन्हा पाहिला. या वेळी लक्षात आलं, की कर्मा कुठेही म्हाताऱ्याची नक्कल करत नाही, टिंगलही मर्यादेत. घाटात वादळात म्हाताऱ्याला सोडवणारा तोच. त्याला देव-शकुन नको आहेत असंही नाही, त्याला फक्त लामांच्या तारखेची सक्ती नको आहे. आणि तिन्लेला मनातून ठाऊक आहे, की आपल्यासारखा हट्टी एकच माणूस गावात आहे, तो म्हणजे कर्मा. नोर्बू गुणी आहे, अवघड वाट निवडायची हे गुरूनं शिकवलेलं पाळतो, पण तांडा हाकायचं त्याचं काम नाही. शेवटी म्हातारा वारसा देतो तो मुलाला नाही, शत्रूला. म्हणून मला 'कोण बरोबर' पेक्षा तिन्लेला हे इतक्या उशिरा का कबूल करावंसं वाटलं, हा प्रश्न जास्त छळतो.

वाटसरू_सातारा

हे बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मुलगा नुकताच गेलाय त्याचा, त्याआधी कसं कबूल करणार? म्हणजे आता ती तिन्लेच्या बाजूला आणि मी कुठे आहे मला माहीत नाही.

नवी_सभासद_अलका

पहिलाच प्रतिसाद. रविवारी पाहायचं ठरवलंय. आठ वर्षांच्या मुलीला सोबत बसवू का? मारामारी वगैरे नाही ना?

भटकी_जमात

अलका, स्वागत. मारामारी जवळपास नाहीच. पण सुरुवातीला मृतदेह गिधाडांना देण्याचा विधी आहे आणि पुढे एक याक कड्यावरून तळ्यात पडतो. याकच्या प्रसंगाला माझी भाची माणूस गेल्यापेक्षा जास्त रडली. आधी सांगून ठेवा.

लमाण_तांडा

मुलीनं मिठाला काय भाव आला असं विचारलं, तर तिला इथे सभासद करून टाका.